पळवून नेलेल्या बायकांचे प्रेम: स्कॉटिश प्रणयकादंबऱ्या मराठीत आणणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
स्कॉटलंडच्या ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्या मराठीत आणणारे प्रकाशक, संपादक आणि ऑडिओ-कथांचे निर्माते यांस,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात माझ्या एका अनुवादाची मुद्रिते तपासायला आली. कादंबरी स्कॉटलंडच्या हायलँड्समधली, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातली. काळ १७४५ च्या बंडाचा, म्हणजे गादी गमावलेल्या स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स याने लंडनच्या सरकारविरुद्ध केलेल्या उठावाचा. शेवटी मी दोन पानांची ऐतिहासिक टीप लिहून दिली होती. मुद्रितांत ती नव्हती. विचारल्यावर कळले की टिपेने वाचकाचा रसभंग होतो म्हणून ती काढली. त्याच निरोपात पुढच्या पुस्तकासाठी दोन सूचना होत्या. नायकाची भाषा जरा रांगडी, गावाकडची करावी. आणि नायिकेला पळवून नेण्याचा प्रसंग मलपृष्ठावर घ्यावा, कारण वाचक त्यासाठीच पुस्तक उचलतो.

त्या संस्थेचे नाव मी घेत नाही. हेच काम करणाऱ्या इतर अनुवादकांशी बोलले, तेव्हा थोड्याफार फरकाने सगळीकडे हाच आग्रह असल्याचे समजले. म्हणून हे पत्र आपणा सगळ्यांना, आणि उघडपणे.

आधी यात माझे काय गुंतले आहे ते सांगते. मी या कादंबऱ्या कॉलेजात असल्यापासून वाचते. लायब्ररीतून आणायच्या, वर्तमानपत्राचे कव्हर घालायचे आणि रात्री सगळे झोपल्यावर संपवायच्या, असे आम्हा मैत्रिणींचे चाले. या लेखनाला अनेक जण हलके समजतात. मी समजत नाही. बाईला काय हवे आहे हा प्रश्न कथेच्या मध्यभागी ठेवून, शेवटी तिला ते मिळवून देणारे लेखन जगात फार थोडे आहे, आणि प्रणयकादंबरी ते काम निष्ठेने करते. अनुवाद नीट व्हावा म्हणून मी स्कॉटलंडचा इतिहास वाचायला घेतला आणि मग त्यातून बाहेर पडता आले नाही. जे वाचले त्यानंतर आपल्याकडून येणारी पाने पूर्वीसारखी मुकाट्याने मराठीत उतरवणे मला जमत नाही.

या कादंबऱ्यांचा साचा आपल्याला माझ्याइतकाच ठाऊक आहे. लढायांचे व्रण अंगावर वागवणारा, पुन्हा प्रेम न करण्याची शपथ घेतलेला लेर्ड, म्हणजे तिथला जहागीरदार. त्याच्या शत्रूची किंवा इंग्रज उमरावाची मुलगी. दोन क्लॅनमधले (कुळांमधले) वैर मिटावे म्हणून जबरीचे लग्न. वादळ, डोंगरातली एकच झोपडी, तिथे एकच बिछाना. तिने शिवलेली त्याची जखम. लाल कोटातला क्रूर इंग्रज कप्तान. गावाने चेटकीण ठरवलेली नायिका आणि चिता पेटायच्या आत घोडा फेकत आलेला नायक. साचा असण्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. ओळखीच्या वाटेने जाण्यात वाचकाला सुख असते आणि ते मीही भोगले आहे. म्हणणे आहे ते या साच्यात काय दडपले जाते त्याबद्दल.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार पळवून नेण्याची. मी नुकतेच जे प्रकरण अनुवादले त्यात नायिकेचे दोन्ही हात दोरीने बांधून ते खोगिराला अडकवलेले आहेत. दोरीने मनगट सोलून निघाले आहे, तोंडात कापड कोंबले आहे, पावसात घोडा चालला आहे. दोन परिच्छेदांनंतर तिला पाठीमागे बसलेल्या त्याच्या छातीची ऊब जाणवते आणि मनात 'काहीतरी हलते'. हाच प्रसंग आपल्याला मलपृष्ठावर हवा आहे. खरोखर असे नेलेल्या बायकांचे पुढे काय झाले ते मग मला सांगू द्या.

जीन की ही स्टर्लिंगशायरमधल्या एडिनबेली इथली. वय जेमतेम एकोणीस, नवरा नुकताच वारलेला, नावावर थोडी मालमत्ता. १७५० च्या डिसेंबरात एका रात्री हायलँडमधला नामांकित बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर याचा मुलगा रॉबिन ओग आपल्या भावांसह हत्यारे घेऊन तिच्या घरात शिरला. आईच्या डोळ्यांदेखत तिला ओढून बाहेर काढले, घोड्यावर आडवी टाकून नेले आणि जबरीने लग्न लावले. कारण तिची मालमत्ता. पुढे तिची सुटका झाली, पण वर्ष पुरे व्हायच्या आत ती देवीच्या साथीत गेली. रॉबिन ओगला १७५४ मध्ये एडिनबरात फाशी झाली. हायलँडमधला देखणा, धाडसी, कायद्याबाहेरचा पुरुष आणि त्याने उचलून नेलेली तरुण विधवा: आपल्या कादंबरीला लागतो तो सगळा मालमसाला या प्रकरणात आहे. नाही ते फक्त तिचे प्रेम.

त्याआधीची गोष्ट १६९७ ची. लोव्हाटच्या जहागिरीवर डोळा ठेवून सायमन फ्रेझरने आधीच्या लॉर्ड लोव्हाटची विधवा अमेलिया मरे हिला तिच्याच वाड्यात कोंडले आणि पाद्री आणून रात्रीत लग्न लावले. त्या काळच्या हकिकती सांगतात की तिच्या अंगावरचे कपडे खंजिराने कापले आणि तिच्या किंकाळ्या ऐकू जाऊ नयेत म्हणून बाहेर बॅगपाइप वाजवत ठेवले होते. प्रत्येक कादंबरीत लग्नाच्या रात्री बॅगपाइप वाजतात. हे वाचल्यापासून त्या ओळीपाशी माझा हात थांबतो.

तिसरी बाई रेचल चिझली, म्हणजे लेडी ग्रेंज. नवरा एडिनबरातला न्यायाधीश. बायको गप्प बसेना. आपल्या राजकीय भानगडी ती बाहेर फोडील अशी त्याला धास्ती होती. जानेवारी १७३२ मध्ये हायलँडमधल्या माणसांनी तिला तिच्या राहत्या जागेतून मारहाण करून उचलले. आधी मोनाक बेटांवर आणि मग अटलांटिकमध्ये पार एका बाजूला पडलेल्या सेंट किल्डावर तिला काही वर्षे ठेवले. तिथल्या लोकांची भाषा गेलिक, हिची इंग्रजी. इकडे नवऱ्याने तिचे खोटे अंत्यसंस्कारही उरकून टाकले. १७४५ मध्ये स्काय बेटावर ती मेली, घरी परत न येता.

कल्पना करायचा वाचकाला हक्क आहे, हे मला मान्य आहे. धोक्याच्या वेशात आलेले प्रेम वाचावेसे वाटणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि अशा कादंबऱ्यांवर बंदी घाला असे मी कधीही म्हणणार नाही. पण 'त्या काळी अशीच लग्ने होत' आणि 'खऱ्या इतिहासावर आधारलेली धगधगती प्रेमकथा' ही वाक्ये आपण छापता. त्या काळीही हा गुन्हा होता, त्याला फाशी होती. आपल्याकडेही मुलीला जबरदस्तीने लग्नासाठी पळवणे हा भारतीय दंड संहितेच्या ३६६ व्या कलमाखाली दहा वर्षांपर्यंत सजेचा गुन्हा होता आणि नव्या न्याय संहितेतही तो गुन्हाच आहे. तरी गावोगाव अशी प्रकरणे 'आता लग्न झालेच आहे, नांदू द्या' म्हणत बैठकीत मिटवली जातात. मराठी वाचक ही कादंबरी त्या पार्श्वभूमीवर वाचतो. म्हणून शब्द जपून वापरायला हवेत.

दुसरी तक्रार भाषेची, आणि ही माझ्या कामाशी थेट जोडलेली आहे.

इंग्रजी मूळ कादंबऱ्यांत हायलँडचा सरदार तोडक्यामोडक्या स्कॉट्स ढंगाची इंग्रजी बोलतो. ही बोली मुळात दक्षिणेकडच्या लोलँड्सची. १७४५ चा हायलँडर घरात गेलिक बोलायचा, आणि त्याच्या सरदाराला गेलिकशिवाय इंग्रजी, कित्येकदा फ्रेंच आणि लॅटिनही येत असे. बंडात लढलेला अलास्डर मॅक वायश्टिर अलास्डर हा कवी १७५१ मध्ये आपल्या गेलिक कवितांचा संग्रह एडिनबरात छापून घेतो. केप्पखची शिलस ही बाई त्याच्याही आधी विलापगीते आणि राजकीय कविता रचते. इतकी पिकलेली भाषा आहे ही. तिचे इंग्रजीत रानटी सोंग झाले, आणि आता आपण म्हणता त्याच सोंगाला मराठीत 'गावाकडची' बोली द्या. म्हणजे मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणारा माणूस अर्धवट सुधारलेला असतो, हेही त्याबरोबर छापून यायचे. एका वाक्यात दोन भाषांचा अपमान मी माझ्या हाताने करणार नाही.

गेलिकचे पुढे काय झाले तेही वाचकाला कळले पाहिजे. १६०९ च्या आयोना कायद्यांनी सरदारांना आपले वारस लोलँडमध्ये पाठवून इंग्रजी शिकवणे भाग पाडले. १६१६ मध्ये ही भाषाच मोडून काढायचा हुकूम निघाला. १८७२ मध्ये शाळा सक्तीच्या झाल्या आणि त्या कायद्यात गेलिकला जागाच दिली नाही. २०२२ च्या जनगणनेत गेलिकचे काही ना काही ज्ञान असलेले लोक सुमारे १ लाख ३० हजार निघाले. त्या भाषेला स्कॉटलंडमध्ये अधिकृत दर्जा मिळायला २०२५ साल उजाडले. 'माझ्या हृदया' एवढा एक गेलिक शब्द प्रेमप्रसंगात टाकून बाकी भाषा गाळणाऱ्या कादंबऱ्या जगभर खपल्या, त्या याच काळात.

आणि हे सगळे गाळताना जे सर्वात सुंदर होते तेही गेले. हायलँडमध्ये आणि बेटांवर विणलेले कापड दाट व्हावे म्हणून बायका ते एकत्र बसून मळत. साठवून आंबवलेल्या मुतात भिजवलेले ओले, जड, उग्र वासाचे कापड लांब फळीवर टाकायचे. दोन्ही बाजूंना बायका. कापड आपटायचे, दाबायचे, शेजारणीकडे सरकवायचे, आणि या तालावर एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ध्रुवपद उचलायचे. त्या गाण्यांत सगळे आहे: बुडालेला नवरा, फसवून गेलेला प्रियकर, पोटात वाढणारे मूल, दुसऱ्या मुलखात दिलेल्या मुलीचे रडणे, आणि उघड, न लाजता सांगितलेली पुरुषाची ओढ. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर ओव्या रचल्या तसेच हे, हाताच्या कामातून आलेले बायकांचे स्वतःचे बोलणे. आपल्या नायिकेला मात्र स्वतःचे एक गाणेही नसते. ती खिडकीपाशी उभी राहून त्याची वाट बघते.

१७४५ च्या बंडाचा शेवट झाला त्या कलोडनच्या लढाईत राजपुत्राच्या बाजूचा विल्यम चिझम पडला. त्याची बायको क्रिस्टीना फर्ग्युसन हिच्या नावावर असलेला विलाप आजही गायला जातो. त्यात ती राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टला उद्देशून म्हणते की तुझ्या कामापायी माझा सत्यानाश झाला. कोणत्याही कादंबरीतल्या नायिकेने राजपुत्राला असे सुनावलेले मी वाचलेले नाही.

तिसरी तक्रार लेर्डबद्दल. कादंबरीतला लेर्ड आपल्या माणसांसाठी जीव देतो, त्याची रयत म्हणजे त्याचे कुटुंब. शेवटच्या पानावर त्याचा वाडा उजळलेला असतो आणि अंगणात मुले खेळत असतात. कथा तिथे थांबते. साधारण १७५० च्या पलीकडे या कादंबऱ्या हायलँड्समध्ये फारशा जातच नाहीत, आणि का जात नाहीत हे समजायला पुढची सत्तर वर्षे पाहावी लागतात. मेंढ्यांना जास्त भाडे येते म्हटल्यावर याच सरदारांच्या वारसांनी आपली माणसे जमिनीवरून हुसकली. सदरलंडची काउंटेस एलिझाबेथ ही तर स्वतःच त्या घराण्याची वारस. तिच्या जहागिरीत, स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात १८१४ मध्ये पॅट्रिक सेलर नावाच्या कारभाऱ्याने घरे रिकामी करवली. त्या उघड्या मुलखात लाकूड दुर्मीळ. घर हलवायचे तर लोक छपराच्या तुळया काढून बरोबर नेत. परत घर उभे राहू नये म्हणून त्या तुळयाच जाळल्या. मार्गारेट मॅके ही जवळपास शंभरीची आजारी म्हातारी. पेटत्या घरातून तिला पांघरुणासकट बाहेर काढले आणि थोड्याच दिवसांत ती मेली. सेलरवर १८१६ मध्ये इन्व्हरनेसला खटला चालला. ज्यूरीत जमीनदारांचा भरणा होता. तो निर्दोष सुटला.

याच काळाचा एक धागा आपल्या मातीत येतो. हायलँडचे सरदार रेजिमेंटी उभ्या करून देत आणि त्यांत आपल्याच कुळांची मुले भरत. मॅकेन्झींचा प्रमुख, पुढे लॉर्ड सीफोर्थ झालेला, याने १७९३ मध्ये ७८ वी हायलँडर रेजिमेंट उभी केली. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांसमोर इंग्रज सेनापती वेलस्लीने उभे केले ते याच ७८ व्या आणि ७४ व्या हायलँडर पलटणींना. ७४ वी तर त्या दिवशी जवळजवळ कापली गेली. जमिनीच्या आशेने किंवा मालकाच्या धाकाने भरती झालेली गेलिक बोलणारी पोरे आपल्या खेळणा नदीकाठी मेली, आणि त्यांच्यासमोर मेलेले आपले लोक कुणाच्याच कादंबरीत नाहीत. मराठीत स्कॉटलंडची कथा येते तेव्हा हा धागा वाचकाला दाखवायचा नाही तर कधी?

बाकीच्या तक्रारी थोडक्यात.

मुखपृष्ठावर चौदाव्या शतकातल्या नायकाला किल्ट (पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घेर) आणि 'घराण्याचे' टार्टन, म्हणजे ठरावीक रंगांच्या चौकड्यांचे कापड, नेसवता. अंगाभोवती गुंडाळून पट्ट्याने बांधायचा मोठा प्लेड सोळाव्या शतकाच्या अखेरीचा, आणि आजचा छोटा किल्ट अठराव्या शतकातला. अमुक क्लॅनचे अमुक टार्टन ही पक्की यादी त्याहून अलीकडची. १८१५ मध्ये लंडनच्या हायलँड सोसायटीने सरदारांकडे त्यांच्या टार्टनचे नमुने मागितले, तेव्हा आपले कोणते हे कित्येकांनाच ठाऊक नव्हते. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिनबराला आला, त्या सोहळ्याची मांडणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने केली आणि टार्टनला अफाट मागणी आली. १८४२ मध्ये दोन भावांनी आपण चार्ल्स स्टुअर्टचे नातू असल्याचे भासवत जुन्या हस्तलिखिताच्या नावाखाली टार्टनचा एक ग्रंथ काढला. तो बनावट निघाला, पण त्यातले नमुने दुकानांतून आजही विकले जातात. वेशाचा खरा नाट्यमय काळ वेगळाच आहे. १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या पुरुषांना आपला पोशाख घालायला बंदी झाली, पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी, आणि ही बंदी १७८२ पर्यंत टिकली.

हात बांधून 'एक वर्ष आणि एक दिवसाचे' लग्न हाही जवळपास प्रत्येक कादंबरीतला ठेवा. स्कॉटलंडमध्ये तो विधी मुख्यतः वाङ्‌निश्चयाचा होता. वर्षभराच्या चाचणी-लग्नाची गोष्ट प्रवासवर्णनांतून आणि पुढे कादंबऱ्यांतून पसरली. तिथला खरा कायदा कितीतरी रोचक होता. दोघांनी मनापासून 'आम्ही नवरा-बायको' असे एकमेकांना म्हटले की पाद्रीशिवाय लग्न लागायचे, आणि ही मुभा १९४० पर्यंत होती. बाईच्या संमतीवर उभे असलेले हे लग्न सोडून आपण दोरी का धरून बसलो आहोत, मला कळत नाही.

चेटकिणीचा प्रसंग तर मी यापुढे टिपेशिवाय अनुवादणारच नाही. १५६३ ते १७३६ चेटूक हा गुन्हा ठरवणारा कायदा तिथे होता. जवळपास चार हजार माणसांवर आरोप झाले, त्यांत बहुतेक बायका. त्यांना झोपू न देता कबुलीजबाब घेत, अंगात सुया टोचत, आणि शिक्षा झाल्यावर गळा आवळून मग प्रेत जाळत. अ‍ॅग्नेस सॅम्पसन ही औषधपाणी करणारी बाई. खुद्द सहाव्या जेम्स राजाने तिची चौकशी केली आणि १५९१ मध्ये तिला मारले. तिच्यासाठी घोडा फेकत कुणी आले नाही. ८ मार्च २०२२ ला स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर (तिथल्या सरकारच्या प्रमुख) निकोला स्टर्जन यांनी पार्लमेंटमध्ये या बायकांची जाहीर माफी मागितली. डाकीण ठरवून बायकांना मारहाण होऊ नये म्हणून आपल्या राज्याला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. आपल्या वाचकाला हा प्रसंग परका नाही.

आणि प्रत्येक लाल कोटवाला इंग्रज नव्हता. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर तासाभरात संपलेल्या त्या लढाईत सरकारी बाजूने स्कॉट पलटणीही होत्या. चिझमांच्या प्रमुखाचा एक मुलगा राजपुत्राकडून लढला, दोन सरकारकडून. अ‍ॅन मॅकिंटॉश ही विशीतली तरुणी. नवरा सरकारी सैन्यात असताना तिने राजपुत्रासाठी माणसे उभी केली. एकाच घरात, एकाच अंथरुणावर दोन पक्ष. याहून मोठी प्रेमकथा कुणाला हवी आहे? तिला कुणीही पळवून नेले नव्हते.

प्रणयाला जागा हवी असेल तर ती हायलँड्समध्ये भरपूर होती, आणि मला याबद्दल लिहिताना आनंद होतो. उन्हाळा लागला की बायका आणि मुली गुरे घेऊन डोंगरावरच्या कुरणांत जात. तिथे दगड-मातीच्या लहान झोपड्या, पीटची (दलदलीतून कापून वाळवलेल्या मातकट जळणाची) शेकोटी, दिवसभर दूध, लोणी आणि चीज. घरातली वडीलधारी माणसे खाली, शेताजवळ. उत्तरेकडचा उजेड रात्री उशिरापर्यंत रेंगाळायचा. तरुण मुलगे डोंगर चढून भेटीला येत. गेलिकमधली कितीतरी प्रेमगीते याच कुरणांची आहेत, आणि त्यांत मुलगी आपण होऊन बोलते, बोलावते, रुसते, नाकारते. बांधलेले हात लागत नाहीत, वाडा लागत नाही, लेर्डही लागत नाही. स्काय बेटावर ब्रेझ इथे १८८२ मध्ये कुरणाच्या हक्कासाठी ग्लासगोहून आलेल्या पोलिसांवर दगड घेऊन उभ्या राहिल्या त्या अशाच घरांतल्या बायका. चार वर्षांनी, १८८६ मध्ये, छोट्या शेतकऱ्यांना जमिनीवर कायम राहण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. त्या गर्दीत एक नायिका उभी करायला किती सोपे आहे.

आता मागण्या.

ऐतिहासिक टीप पुस्तकात राहिली पाहिजे. दोन पानांच्या खर्चाचा प्रश्न असेल तर अनुवादकाच्या मानधनातून नको, मुखपृष्ठाच्या सोनेरी छपाईतून काढा. ऑडिओ-कथेत शेवटच्या भागानंतर ती वाचून दाखवा.

मलपृष्ठावर आणि जाहिरातीत अपहरणाला प्रेम म्हणू नका. कथेत जबरदस्तीचा प्रसंग असेल तर तसे स्पष्ट लिहा, म्हणजे ज्या वाचकाने हे स्वतः भोगले आहे तिला पुस्तक उघडण्याआधी कळेल. 'सत्य इतिहासावर आधारित' हे शब्द, जिथे आधार दाखवता येत नाही तिथून, काढून टाका.

हायलँडच्या पात्रांना मराठीतल्या कोणत्याही बोलीचे सोंग देऊ नका. ती आपसात गेलिक बोलत आहेत असे समजून स्वच्छ, भरदार मराठी वापरू द्या. गेलिक नावांचे उच्चार जाणकाराकडून तपासून घ्या; आज तर जिथे तिथे इंग्रजी स्पेलिंग वाचून लिहिले जाते.

पुढच्या हक्कखरेदीत निवड रुंदावा. मेंढ्यांसाठी उठवलेल्या गावांच्या, बेटांवरच्या कोळ्यांच्या, कुरणांतल्या मुलींच्या कथा इंग्रजीत आहेत आणि गेलिकमधून इंग्रजीत आलेले साहित्यही आहे. वर्षाला एक तरी असे पुस्तक मराठीत येऊ द्या. आणि असईच्या दोन्ही काठांवरची प्रेमकथा लिहायला एखाद्या मराठी लेखिकेला सांगा. दोन्ही बाजूंची कागदपत्रे आजही वाचता येतात.

पुढच्या पुस्तकाच्या करारावर मी अजून सही केलेली नाही. टीप ठेवण्याचे कलम त्यात लेखी आले तर मी हे काम पहिल्या दिवशी घेईन, कारण मला या कथा आवडतात आणि त्या मराठीत याव्यात असे मनापासून वाटते. कलम आले नाही तर त्या अनुवादावर माझे नाव नसेल. आपले उत्तर उघडपणे आले तर बरे, म्हणजे इतर अनुवादकांनाही ते वाचता येईल.

आपली विश्वासू,
एक अनुवादक आणि या कादंबऱ्यांची जुनी वाचक